धरमपेठेतल्या बंगल्याच्या सोयी

नव्या घरात सामान हळूहळू येतं. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून बिऱ्हाड करतात! नागपूर सी.पी.ची, म्हणजे मध्य प्रांताची, राजधानी होतं तेव्हा बाबांनी गावातल्या महाल भागातली भाड्याची जागा सोडून धरमपेठेत बंगला बांधला. चहूकडे पऱ्हाटीची, कापसाची शेतं, अन् बाबा भेटेल त्याला सांगायचे, "सगळ्या सोयी आहेत!"

*

सामान घेऊन निघालो, तर टांगेवाला वाटेत बर्डीच्या बाजारातच अडला. "साहेब, तिकडं सवारी नाही जात. कोल्हे जातात!"

"अरे, मी राहायला चाललोय तिथं!"

"काहून साहेब, घरी भांडण झालं का?"

आम्ही घरचे सगळे मागेच बसलो होतो!

*

मग नळ आला. बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, खेड्यातून आलेली. तिनं नळाला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला आणि तोटी फिरवली. नळ गुरगुरला, खाकरला आणि आत्याच्या तोंडावर लाल चिखल थुंकला!

आत्यानं जोडलेले हात सोडले नाहीत. "मोठा जागृत हाये गा हा!"

*

बर्डीला जायला मोटार सुरू झाली. ती चढावर हटकून बंद पडायची, मग उतारूंनी ढकलायची. बाबा घामाघूम होऊन ऑफिसात उशिरा पोचले. साहेब चिडला, "एवढ्या वेळात चालत आला असतात!"

"चालतच आलो साहेब. मोटार सोबत होती!"

*

आमच्या रस्त्यावर एका तरुण डॉक्टरनं दवाखाना उघडला. पेशंट एक नाही. बिचारा दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करायचा. "हवाच वाईट आहे इथली," बाबांना म्हणाला. "कोणी आजारीच पडत नाही!"

आत्याचा जीव कळवळला. ती गेली आपला गुडघा घेऊन. डॉक्टरला इतका आनंद झाला की त्यानं आधी चहा पाजला, मग गुडघ्याबरोबर डोळे, दात, जीभ, सगळं तपासलं!

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"पोरगं गुणाचं हाये वं. उद्या खोकला घेऊन जातो!"

*

माझी मोठी बहीण कुसुम. ताईला कॉलेजात शिकायचं होतं. बाबांनी उमरावतीचं स्थळ बोलावलं. ताई रडली, रुसली, जेवली नाही. बाबा हलले नाहीत.

रविवारी आम्ही नटूनथटून बसलो. ताई तेवढी वेणीला फुलं आणायला म्हणून फाटकाबाहेर जाऊन आली. पोहे निवले, चहा पुन्हा पुन्हा उकळला. पाहुण्यांचा पत्ता नाही!

संध्याकाळी शेजारचे काका पेढे घेऊन आले. त्यांचंही आडनाव जोशी, आमचंही जोशी. बंगलेही एकाच गवंड्यानं बांधलेले, अगदी जुळे!

"आमच्या विमलचं ठरलं हो! उमरावतीचे पाहुणे अचानकच दारात आले. मुलगा तर विमलला पाहून चहा प्यायचाच विसरला. अन् ती नुसती लाजून राहिली!"

विमल म्हणजे ताईची जिवाभावाची मैत्रीण. बाबांच्या हातात पेढा तसाच राहिला.

"खा," आई म्हणाली. "गोड आहे."

विमलचं लग्न झालं तोवर ताई कॉलेजात जायला लागली होती. पंगतीत मुलाचे वडील बाबांच्या शेजारी बसले. म्हणाले, "तुमच्या धरमपेठेत माणसं फार चांगली हो! त्या दिवशी आम्ही कोपऱ्यावर चुकलो, तर एक मुलगी आपणहून पुढे आली. थेट विमलच्या फाटकापर्यंत पोचवून गेली!"

"कोण मुलगी?"

"हीच की! जिलबी वाढून राहिली ती!"

ताईनं बाबांच्या पानात आणखी एक जिलबी टाकली.