सगळी बाकं रिकामी असताना

सांगलीहून विमानतळाकडे निघालो तेव्हा सुमोत अकरा माणसं होती आणि जिला अमेरिकेला जायचं होतं तिलाच, म्हणजे मला, जागा नव्हती. "सरका रे जरा, होतंय की," म्हणत मावशीनं मला अर्धी स्वतःच्या मांडीवर घेतली. साताऱ्यापर्यंत माझा पाय पार बधिर झाला. गाडीतले बाकी सगळे रडत होते आणि मला मुंग्यांमुळे हसू येत होतं.

ही २००३ च्या डिसेंबरची गोष्ट. माझा नवरा मंदार टेक्सासमधल्या एका छोट्या गावात पीएचडी करत होता. तो सकाळीच लॅबला जायचा. मी डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची नाही, गाडी येत नाही, बोलायला भिंती. फेब्रुवारीत मी त्याला सांगून टाकलं, "मेपर्यंत बघते. नाही रमले तर परत जाते." तो बिचारा नुसतं "बरं" म्हणाला, पण चांगलाच घाबरला होता.

आमच्या अपार्टमेंटमागे युनिव्हर्सिटीचं बेसबॉलचं मैदान होतं. स्टुडंटच्या बायकोला प्रवेश फुकट, म्हणून एका शनिवारी दुपारी गेले. पत्र्याची लांबलचक बाकं, आणि जवळजवळ सगळी रिकामी. अगदी पुढे पन्नाशीची एक बाई एकटीच बसली होती. एक बाई बसलेली असताना आपण लांब जाऊन बसायचं म्हणजे केवढा शिष्टपणा! मी सरळ जाऊन तिला खेटून बसले. तिनं दचकून पर्स मांडीवर घेतली. आता २००८ मध्ये, टेक्सासमधल्याच फ्रिस्को शहरात घर थाटल्यावर, मलाही कळतं की इथे दोन जागा सोडून बसणं हीच सभ्यता.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुझा कोणता?"

"माझा लॅबमध्ये आहे," मी म्हटलं.

ती इतकी हसली की मैदानातल्या एका मुलानं वळून पाहिलं. तो तिचा मुलगा.

तिचं नाव लिंडा. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मनातल्या मनात मी तिची लिंडाकाकू करून टाकली. तिनंच मला तिथल्या रीतीभाती शिकवल्या. चेंडू टाकायच्या बेतात असताना जागेवरून उठायचं नाही, मागच्याला दिसत नाही. समोरच्या टीमच्या मुलाला नावं ठेवायची नाहीत, त्याची आई जवळच बसलेली असू शकते. हळूहळू आमची रांग भरायला लागली आणि सगळ्या बायका मला हाय-हॅलो करायला लागल्या. शनिवारची मी वाट बघू लागले.

एप्रिलमध्ये मंदारला त्याच्या लॅबमधल्या कुणीतरी सांगितलं. घरी येऊन तो म्हणाला, "अगं, तू पुढच्या रांगेत बसतेस? ती प्लेयर्सच्या आयांची जागा असते यार. लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या शनिवारी जाऊच नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही. गेले आणि पार वरच्या, शेवटच्या बाकावर कोपऱ्यात बसले.

मॅच सुरू झाली. लिंडाकाकू एकदा मागे वळली, दोनदा वळली. मग एक मुलगा आऊट झाल्यावर, रीतीप्रमाणे, ती उठली आणि दुखरा गुडघा धरून एकेक पायरी चढत वर आली. अख्खं बाक मोकळं होतं. ती मला खेटून बसली.

"मला माहीत नव्हतं, ती आयांची जागा आहे," मी कसंबसं म्हटलं.

"आम्हाला माहीत होतं," ती धापा टाकत म्हणाली.

"मग मला उठवलं का नाही?"

"दोन वर्षांत माझ्या इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं," ती म्हणाली आणि मैदानाकडे बघू लागली. माझे डोळे भरून आले. दोघी शेवटपर्यंत तिथेच बसलो.

त्या संध्याकाळी कॉलिंग कार्डावरून आईला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ.

"मेच्या तिकिटाचं काय केलंस?" आईनं विचारलं.

"मेमध्ये कसं जमेल? मॅचेस असतात," मी म्हटलं.

आई म्हणाली, "आवाज खरखरतोय. कुठनं बोलतीयेस?"

"घरून," मी म्हटलं. तोवर मी दर वेळी 'अपार्टमेंटवरून' असं म्हणत आले होते.

"बरं झालं गं बाई," आई कशीबशी म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात दिला.