निरंजनाबेननी स्वतःचं तिकीट काढलं

पंधरा प्रवासी आणून देईल त्याला सोळावी जागा फुकट, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. भावनगरात वाघावाडी रोडवर माझं टूरचं ऑफिस आहे, बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत ही फुकटची जागा सगळ्यात जास्त वेळा मिळवली ती निरंजनाबेन पारेख यांनी. सहा उन्हाळे, सहा ग्रुप, सहा वेळा युरोप. लोक म्हणायचे, नशीब असावं तर असं, पॅरिसला जाणं म्हणजे या बाईला भाजी आणायला जाण्यासारखं झालंय. मीही तेच म्हणत असे. खोटं कशाला बोलू?

निरंजनाबेन निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय त्रेसष्ट. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी पहिला ग्रुप जमवला. घर खायला उठत होतं आणि तिकिटाची ऐपत नव्हती. मग राहत्या सोसायटीतली माणसं गोळा केली, त्यांचे मेहुणे, त्यांच्या नणंदा, असं करत पंधरा भरले. बाई ठेंगणी, चाल भराभर, आणि खांद्याला एक खाकी पिशवी. त्या पिशवीत उलटीच्या गोळ्या, सुईदोरा, हिंग, सेफ्टी पिना आणि सुटी नाणी. नाणी कशाला, तर तिकडे शौचालयाला पैसे पडतात आणि आमच्या मंडळींच्या खिशात तेव्हा नेमकी मोठी नोट असते.

दर जानेवारीत आमची बैठक व्हायची. मी नकाशा पसरून मनोरे आणि चर्च सांगायचो, त्या शौचालयं सांगायच्या. "ब्रसेल्सला चौकातून उजवीकडे, हॉटेलच्या तळघरात. ॲम्स्टरडॅमला बोटीत बसायच्या आधीच उरकून घ्यायला सांगायचं, नंतर दोन तास काही नाही." त्यांच्या हिशेबाने बस कुठं थांबवायची ते ठरायचं आणि माझ्या टूर बिनबोभाट पार पडायच्या. बाकीच्या कंपन्यांचे लोक मला विचारत, तुझ्याकडे तक्रार कशी येत नाही? मी नुसता हसायचो. तक्रार माझ्यापर्यंत पोचतच नव्हती, वाटेत निरंजनाबेन उभ्या होत्या.

व्हेनिसला कुणाला मळमळलं, निरंजनाबेन. खोली लिफ्टपासून लांब मिळाली, निरंजनाबेन. रोममध्ये जयंतीभाईंना नवे बूट चावले, त्यालाही निरंजनाबेन. हे जयंतीभाई संघवी म्हणजे त्यांच्या सोसायटीचे चेअरमन, सहातल्या चार टूरचे प्रवासी, आवाज असा की बोगद्यातही माईक लागू नये.

सहाव्या टूरहून परतल्यावर त्या ऑफिसात आल्या, खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं. मी सहज विचारलं, "काय बेन, या वेळी काय काय पाहिलंत?"

"जयंतीभाईंची पाठ," त्या म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "खरंच सांगते, अश्विनभाई. सगळ्यात मागून चालावं लागतं ना, कुणी मागे राहू नये म्हणून. सहा वर्षं मी माणसांच्या पाठी बघतेय. कोणाची पाठ कुठल्या गावात होती तेही आता आठवत नाही."

मी तो विषय तिथंच सोडला. धंदेवाल्या माणसाला असलं बोलणं ऐकू येत नाही.

पुढच्या जानेवारीत त्या आल्या आणि टेबलावर चेक ठेवला. पेन्शनीतून बाजूला टाकत आणलेले पैसे होते. म्हणाल्या, "या वेळी माझं तिकीट मी काढणार. ग्रुप दक्षाबेन जमवतील, फुकटची जागा त्यांची. मी नुसती प्रवासी. पैसे भरलेली."

दक्षाबेन म्हणजे त्यांच्या समोरच्या ब्लॉकमधल्या, उत्साही बाई, फुकटच्या जागेवर त्यांचा डोळा होताच. मी चेक हातात घेऊन म्हटलं, "बेन, मिळतंय ते सोडून पदरचे कशाला घालताय?"

"फुकटचं आता परवडत नाही," त्या म्हणाल्या. "आणि माझी एकच मागणी आहे. स्वित्झर्लंडात ल्युसर्नला तीन रात्री एकाच खोलीत ठेवा. त्यातला एक दिवस मोकळा. त्या दिवशी कुठंही न्यायचं नाही, काहीही दाखवायचं नाही. ज्याला पाहिजे त्याने जावं, मी जाणार नाही."

चौदा रात्री, अकरा गावं, त्यात एक दिवस रिकामा. मला ते धंद्याच्या विरुद्ध वाटलं, पण मी आखणीत बसवलं. नवव्या दिवसापुढे लिहिलं, 'विश्रांती'.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक भरली. गाठिया, तळलेल्या मिरच्या, चहा. दक्षाबेननी आखणीचे कागद वाटले. निरंजनाबेन शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. पिशवी आणली नव्हती.

जयंतीभाईंचं बोट नवव्या दिवसावर थांबलं. "हे काय? विश्रांती? अहो अश्विनभाई, झोपायला आम्ही स्वित्झर्लंडला जायचं? झोप भावनगरात काय कमी पडतेय?"

हॉल हसला. मी म्हटलं, "सगळ्यांचे पाय दुखतात हो तोवर. एक दिवस बरा पडतो."

"पाय आमचे, दुखतील तर आम्ही बघू. माझा साडू गेल्या वर्षी बारा गावं करून आला. आम्ही अकरा करून परत आलो तर तो जन्मभर ऐकवेल." जयंतीभाईंनी फोन उघडला, नकाशा मोठा केला. "हे बघा, बाजूलाच एक चिमुकला देश आहे. लिश्टेनश्टाइन. दीड-दोन तासांत पोचतो. तिथं पासपोर्टवर शिक्का मारून देतात म्हणे. गावही वाढलं आणि देशही वाढला!"

देश वाढतोय म्हटल्यावर कोण थांबणार? हात वर झाले. दक्षाबेननी मागे वळून पाहिलं. "निरंजनाबेन, तुमचं काय म्हणणं?"

"मी प्रवासी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठरवा."

मला तेव्हाच उठून सांगता आलं असतं की हा दिवस एका बाईने पैसे भरून मागितलाय. मी सांगितलं नाही. पंधरा जण खूश होते आणि मला पंधरा जण पाहिजे होते. कागदावर विश्रांतीवर काट मारली आणि त्या देशाचं लांबलचक नाव लिहिलं. निरंजनाबेननी चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

बैठक संपली आणि जो तो त्यांच्याभोवतीच गोळा झाला. ठेपले किती दिवस टिकतात? सुखडी विमानात नेऊ देतात का? हॉटेलात इस्त्री असते का? दक्षाबेन वही घेऊन सगळ्यात पुढे उभ्या. "बेन, खोल्यांच्या जोड्या लावून द्या ना, मला यातलं काही कळत नाही बाई." निरंजनाबेन म्हणाल्या, "दक्षा, ते आता तुझं काम." तर जयंतीभाई म्हणाले, "पैसे भरले म्हणून एवढा भाव खायचा? सांगितलं तर काय जीभ झिजते?"

त्यांनी जोड्या लावून दिल्या.

नंतरचे पंधरा दिवस त्यांचा फोन बंद होईना. त्यातला एक मीच केला होता. पंधरात कांदा-लसूण न खाणारे किती, हे दक्षाबेनना तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, तेव्हा वैतागून मी निरंजनाबेनना लावला. त्यांनी आकडा सांगितला, सहा. मग म्हणाल्या, "अश्विनभाई, तुम्हीसुद्धा?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हातून, त्या ऑफिसात आल्या. फोन माझ्या टेबलावर ठेवला. तो वाजत होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. थांबला आणि परत वाजू लागला.

"माझं नाव या ग्रुपमधून काढा," त्या म्हणाल्या. "मला असा ग्रुप द्या, ज्यांची भाषा मला येत नाही आणि माझी त्यांना येत नाही."

मला रागच आला. "बेन, चौदा होतील ते! दक्षाबेनची जागा जाईल. सगळं गाव माझ्या दारात येईल. आणि तुम्हाला तरी काय, दोन प्रश्न विचारले तर एवढं मनाला लावून घ्यायचं?"

"दोन?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "घरातलं मरण सोसलं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं दुखणं काढलं, बत्तीस वर्षं वर्गात पन्नास पोरं सांभाळली. कुणी म्हणालं नाही की बाई, जरा बस. म्हटलं पैसे देऊन बसू. पैसे दिले तरी बसू देत नाहीत, भाई. मी दमलेय. मला दुसरं काही म्हणायचं नाही, मी फार दमलेय."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. बावीस वर्षं मी लोकांच्या सुट्ट्या आखतोय. सुट्टी हवी असलेलं माणूस माझ्या समोर पहिल्यांदाच बसलं होतं आणि मी त्याच्यावर खेकसत होतो. मला लाज वाटली.

मी त्रिशूरच्या माझ्या ओळखीच्या एका टूरवाल्याला फोन लावला. त्याचा मल्याळी मंडळींचा ग्रुप त्याच तारखांना निघत होता, एका बाईला खोलीत जोडीदारीण हवी होती. मी निरंजनाबेनना म्हटलं, "जागा आहे. पण बेन, ती माणसं मासे खातात. सकाळ-संध्याकाळ. खोलीतली बाईसुद्धा. आणि तुम्ही वैष्णव."

"मी ब्रेड-लोणी खाईन."

"चौदा दिवस?"

"खाकरे नेईन. ती बाई गुजराती बोलते का?"

"एक अक्षर नाही. हिंदीही नाही."

"मग लिहा माझं नाव," त्या म्हणाल्या.

सोसायटीत बोंबाबोंब झाली. दक्षाबेन माझ्यासमोर रडल्या, जयंतीभाई म्हणाले, ऐन वेळी दगा देणाऱ्या बाईला सोसायटीत कोण विचारतो ते बघतोच. आणि चार दिवसांत सुरेंद्रनगरहून जयंतीभाईंचीच मेहुणी तयार झाली, पंधरा भरले, दक्षाबेनची जागा शाबूत राहिली. मी निरंजनाबेनना ते कळवलं, म्हटलं त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. त्या नुसतं "हो का?" म्हणाल्या. आपल्यावाचून चार दिवसही अडलं नाही, हे ऐकून माणसाला बरं वाटतं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. सोसायटीतल्या बायका मात्र जिन्यात त्यांना बघून तोंड फिरवू लागल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्या एकट्या निघाल्या, रिक्षापर्यंत बॅग धरायलाही कुणी खाली आलं नाही. पॅरिसच्या विमानतळावर त्यांनी मल्याळी मंडळींना गाठायचं होतं.

त्या दिवसापासून माझी दशा झाली. दक्षाबेनचा ग्रुपही तिकडेच फिरत होता आणि आता वाटेत उभं राहणारं कुणी नव्हतं. ब्रसेल्सहून फोन, इथं शौचालय कुठं? ॲम्स्टरडॅमहून फोन, बोटीत दोन तास काढायचे आणि जयंतीभाईंना लागलीय, बोट थांबवायला कोणाला सांगायचं? मेहुणीची बॅग, जयंतीभाईंचा गुडघा, संपलेली हिंगाची डबी. जेवताना फोन, दाढी करताना फोन. आठव्या दिवसापर्यंत फोन वाजला की मी तो फायलींखाली सरकवायला लागलो. सहा वर्षं ही बाई हे रोज, उभ्याने, हसतमुखाने करत होती आणि आम्ही तिला नशीबवान म्हणत होतो.

दहाव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला मी शटर ओढत असताना परत वाजला. परदेशचा नंबर. मी वैतागून उचलला. "बोला, आता काय हरवलं?"

"काही नाही, अश्विनभाई. मी निरंजना बोलतेय."

मी शटर अर्धवट सोडून पायरीवर बसलो. "बेन! कशा आहात? खायचं काय करताय?"

"चाललंय. खोलीतली बाई रोज मला एक केळं आणून देते. काही बोलत नाही, ठेवते आणि जाते."

"आज कुठं?"

"आज बस ल्युसर्नहून इटलीत आली. चार तासांचा रस्ता. सगळे डोंगर त्याच वाटेवर ना?"

"मग! आपल्या आखणीतला सगळ्यात सुंदर रस्ता तो. बर्फ, तळी, सगळं. या वेळी तरी डोळे भरून पाहिलंत ना, बेन?"

"नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "बसल्याबरोबर झोप लागली. डोळे उघडले तर इटली आली होती. चार तास, भाई. मला कुणी उठवलं नाही."