पाव रत्तल चहा आणि गुप्त गिऱ्हाइकं

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो. टायपिंग क्लासमध्ये चुकलेले कागद कोपऱ्यात साठत जातात ना, पाठकोरे आहेत, असू देत म्हणून ठेवलेले, तसे ते साठतात. आमच्या डोंबिवलीच्या परांजपेसरांच्या क्लासचे माझ्याकडे इतके आहेत की सून म्हणते, "आई, एक दिवस रद्दीवाल्यालाच बोलावू या!" बोलव बाई. पण त्याआधी हे एवढे ऐकून घ्या.

स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. डोंबिवली तेव्हा एवढीशी! स्टेशनात पाहुणा उतरला की त्याचं नाक बघून लोक सांगायचे, "साठ्यांकडे ना? डावीकडे वळा." क्लासमध्ये दोन मशिनं, एक बाक, सर आणि मी. मी एकोणीस वर्षांची, शिकून तिथंच मदतीला राहिलेली. सर म्हणायचे, "शालूचा मशिनवर स्पीड चाळीस आणि तोंडाचा ऐंशी!"

तर मुंबईच्या एका चहाच्या कंपनीची पेपरात जाहिरात आली. गुप्त गिऱ्हाइकं पाहिजेत! म्हणजे काय, तर साधं गिऱ्हाईक म्हणून दुकानात जायचं, चहा घ्यायचा, आणि दुकानदार कसा बोलतो, पुडा कुठं ठेवतो, वजन नीट देतो का, ते सगळं कंपनीला लिहून कळवायचं. दुकानदाराला पत्ता लागता कामा नये. अर्ज इंग्रजीत, टाईप केलेला. सोबत आपल्या गावातल्या एका दुकानाचा नमुना रिपोर्ट, आपल्या भाषेत. तीनदा जाऊन यायचं, दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची. आणि खाली ठळक अक्षरात सूचना: जे पाहिले ते लिहावे, मत लिहू नये.

सरांनी ती जाहिरात कापून भिंतीवर चिकटवली आणि म्हणाले, "बघा, कसे अर्ज येतात ते!" आले की. आणि सगळ्यांचं दुकान एकच. देवजीशेठचं. कारण कंपनीचा चहा ठेवणारं दुसरं दुकान जवळपास नव्हतंच.

पहिले आले नाना साठे. पोस्टातून रिटायर्ड. अठरा पानी रिपोर्ट! वर श्री, खाली कळावे लोभ असावा. मधे देवजीशेठचे आजोबा कच्छहून कसे आले इथपासून सगळं. पहिलाच प्रश्न होता, दुकान स्वच्छ होते काय? नानांचं उत्तर: "खरी स्वच्छता मनाची."

सर म्हणाले, "नाना, हे मत झालं."

"मत कसलं? अनुभव आहे तीस वर्षांचा!" नाना म्हणाले आणि कागद उचलून चालायला लागले.

दोन दिवसांनी परत आले. रिपोर्ट आता दीड पानी, नेटका. सर खूश. खाली बघतात तो देवजीशेठची झोकदार सही!

"नाना! हे काय?"

"साक्षीदार नको? उभ्या जन्मात बिनसाक्षीचा कागद पुढं पाठवला नाही मी." वर नाना हळूच म्हणाले, "आणि भला माणूस हो. चौथ्या प्रश्नात मी नुसतं 'बोलणे ठीक' लिहिलं होतं. त्यानंच सुचवलं, 'हसतमुख' पण घाला!"

वसंता दामलेचं दुसरं टोक. सेक्रेटरिएटमध्ये कारकून, पण डोक्यात सगळी हेरगिरी. वेषांतर करायचं ठरवलं पठ्ठ्यानं. काळा चष्मा लावला, काकांचा फेटा बांधला आणि आवाज घोगरा काढून म्हणाला, "पाव रत्तल चहा."

देवजीशेठ एकदम काट्यामागून उठून बाहेर आले. "वसंता, काकांचा फेटा तुझ्या डोक्यावर? काका बरे आहेत ना?" आणि उत्तराची वाट न बघता गल्ला मुलावर टाकून थेट दामल्यांच्या घरी! काका ओटीवर सुपारी कातरत बसलेले. दोघांनी मग तासभर गप्पा मारल्या. चहा प्यायले. कंपनीचाच.

वसंता मात्र इमानदार. दुकानदाराने आपणास ओळखले काय, या प्रश्नाला त्यानं लिहिलं: "मला नाही. फेट्याला ओळखले."

माझंही सांगते, झाकून कशाला ठेवू? मीसुद्धा अर्ज करायचा म्हणून गेले होते. देवजीशेठनं विचारलं, "शालूबेन, आईचा गुडघा कसा आहे?" झालं! गुडघ्यावरून वैद्य, वैद्यावरून मावशीचं लग्न. अर्ध्या तासानं पोह्यांची पुडी घेऊन घरी. चहा राहिलाच. माझा रिपोर्ट तिथंच संपला.

पांडूदादा म्हात्रे आले ते जमिनीचा एक अर्ज टाईप करायला. खाडीकाठच्या गावातले, सगळा जन्म मिठागरावर मीठ तोलण्यात गेलेला. भिंतीवरची जाहिरात मी वाचून दाखवली तर म्हणाले, "यो काम तं मना जमल!" लिहिता येत नव्हतं. ते सांगणार, मी लिहिणार.

आणि काय सांगितलं हो! काट्याच्या डाव्या पारड्याखाली मेण लावलंय का ते वाकून पाहिलं, नाही लावलेलं. पुडी बांधताना शेठ दोरा दातानं तोडतात. चहाच्या पेटीशेजारी रॉकेलचा डबा आहे, पण मधे गोणपाट लावलंय. मी लिहून लिहून दमले.

सरांना ते पसंत पडेना. म्हणाले, कंपनीला हे असं कसं पाठवायचं? बसले आणि सगळं शुद्ध करून काढलं. दोरा दातानं तोडण्याचं झालं, "दुकानदाराची आवेष्टनपद्धती सदोष आढळली." असं पानभर. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. पांडूदादांनी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं,

"सर, यो कुनाचा दुकान हाय?"

सरांनी तो कागद स्वतःच्या हातानं फाडला. त्या दिवसापासून क्लासचा नियम झाला, ज्याचा रिपोर्ट त्याच्याच शब्दांत.

आता कुसुमवहिनी. आत्तापर्यंत हसलात, पण या सगळ्यात खरी गरज त्यांची होती. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. एकच मुलगी, नलू. सातवीत, पहिल्या तीनांत नंबर. चिपळूणकडच्या गावाहून दिराचं पत्र आलं होतं: अक्षय्यतृतीयेला न्यायला येतो, आता एकटीनं तिकडं राहू नका. मनानं वाईट नव्हते ते. पण गावात शाळा चौथीपर्यंत. म्हणजे नलूची पाटी फुटलीच म्हणायची. त्याआधी काही काम मिळालं तरच डोंबिवली, नाही तर चुलीपुढं बसवायची पोरीला. वहिनी रोज क्लासला यायच्या, मन लावून बडवायच्या, पण स्पीड काही पंचविसाच्या वर जाईना. मला रडूच यायचं त्यांची बोटं बघून.

तर वहिनींनी रिपोर्ट मनावर घेतला. एकदा चहा आणला, आणि वजन बरोबर आहे का हे पाहायचं कुठं? दुसऱ्या वाण्याकडे न्यावा तर बोभाटा होणार. वहिनी पुडी पदराखाली धरून गेल्या दत्तू सोनाराकडे!

सोनाराच्या काट्यावर चहा! दत्तूनं बिचाऱ्यानं गुंजा बाजूला सारून तोलून दिला. पण रस्त्यातल्या बायकांनी वहिनींना पदराखाली काहीतरी घेऊन सोनाराची पायरी चढताना पाहिलं ना! दिवेलागणीच्या आत गावभर, कुसुम पाटल्या मोडतेय. मग एकेक दारात. "अगं, अडचण होती तर बोलायचंस!" वहिनींना खरं सांगता येईना, काम गुप्त! नुसत्या उभ्या राहिल्या. कुणी काही विचारलं नाही पुढं, पण प्रत्येकीनं येताना पदराखाली एकेक वाटी आणली होती. आणि सगळ्यांच्या घरी त्या दिवशी नेमकं पिठलं! नलूनं दोन दिवस तेच खाल्लं.

पण दत्तूच्या काट्यानं एक भलतीच गोष्ट दाखवली होती. पाव रत्तलाला चहा दीड तोळा जास्त!

वहिनी म्हणाल्या, शेठचा काटा बिघडला असेल. पुन्हा गेल्या, पुन्हा जास्त. तिसऱ्या खेपेला त्यांच्या पाठोपाठ पांडूदादांना पाठवलं. तोच काटा, तीच पेटी, तेवढाच चहा. दोन्ही पुड्या दत्तूकडे. पांडूदादांची पुडी पाव रत्तल, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. वहिनींची दीड तोळा जास्त.

दोघं क्लासमध्ये आले. वहिनी बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "एवढासा चहा मला महिना महिना पुरायचा. मला वाटायचं, माझ्या हातालाच बरकत आहे."

सर उगाच रिबन सरळ करत बसले. मी तर उठून खिडकीशीच गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनी रिपोर्ट घेऊन आल्या. नऊ उत्तरं एकेका ओळीची. वजन बरोबर होते काय, याला मात्र चार ओळी: "दुसऱ्या गिऱ्हाइकाचे वजन बरोबर. माझे तिन्ही वेळा दीड तोळा जास्त. काटा खरा आहे. दुकानदार मला ओळखतो, म्हणून या गावात मी गुप्त गिऱ्हाईक होऊ शकत नाही."

सर म्हणाले, "वहिनी, ते शेवटचं वाक्य काढा. आपल्या हातानं आपलंच नाव कापताय तुम्ही! नलूचं काय?"

"सर, पाहिलं ते लिहा, असं त्यांनीच म्हटलंय ना?" वहिनी म्हणाल्या. "पोरीच्या शाळेसाठी धडपडायचं आणि सुरुवात खोट्या कागदानं करायची?" मग एकदम घाबरून पांडूदादांकडे वळल्या, "पण दादा, यावरून शेठना कंपनी बोल लावेल का हो?"

"ज्यादा दिला म्हनून कुनी फाशी देतं काय?" पांडूदादा म्हणाले.

मी अर्ज टाईप केला. आयुष्यात एवढा सावकाश कधी केला नव्हता. एक चूक होऊ दिली नाही.

चैत्र संपत आला. नानांना नकार आला, वसंताला नकार आला. पांडूदादांना बोलावणं आलं, ठाण्याकडच्या वखारींतली वजनं तपासायला. आम्ही पेढे खाल्ले आणि वहिनींकडे बघायचं टाळलं. अक्षय्यतृतीयेला चार दिवस उरले तेव्हा पाकीट आलं. इंग्रजीत. वहिनी म्हणाल्या, "शालू, तूच वाच. मराठीत सांग."

मी वाचलं, "आपला रिपोर्ट मिळाला. डोंबिवलीकरिता आपली नेमणूक करता येत नाही." वहिनींनी बाकाची कड घट्ट धरली. मला पुढची ओळ दिसतच नव्हती, डोळे भरलेले. सरांनीच माझ्या खांद्यावरून वाचली, आणि केवढ्यानं! "तथापि ठाणे, कल्याण, विठ्ठलवाडी आणि टिटवाळा येथील दुकानांकरिता आपली नेमणूक करण्यात आनंद वाटतो!"

दीर ठरल्या दिवशी आले. सामानासाठी रिकामी ट्रंक घेऊन आले होते. आंबे ठेवले, पत्र सरांकडून दोनदा समजून घेतलं, आणि नलूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शीक हो." ट्रंक रिकामीच परत गेली.

त्याच संध्याकाळी वहिनी मला घेऊन देवजीशेठकडे गेल्या. शेठला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. वहिनींनी सांगितलं, काम मिळालं, नलू इथंच शिकणार. शेठनी दोन्ही हात जोडून देवाच्या फोटोकडे बघितलं.

वहिनी म्हणाल्या, "पाव रत्तल चहा. आणि शेठ, आजपासून मला सगळ्यांसारखं तोलून द्यायचं."

शेठनी काटा पुढं घेतला. वजन टाकलं, चहा घातला. काटा थरथरला आणि अगदी मधोमध उभा राहिला. वहिनी बघत होत्या, मीही बघत होते. शेठनी पारडं उचललं, पुडीत रिकामं केलं. दोरा घ्यायला हात वळला, तो मधेच पेटीत गेला आणि मूठभर चहा पुडीत आला!

"शेठ!" वहिनी ओरडल्याच.

देवजीशेठनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग वहिनींकडे. "वहिनी, हाताला सवय लागलीय," ते म्हणाले. "सुटेल हळूहळू."