पान एकवीसवरची चंद्रकोर

मी बायकोला चार वर्षं खोटं वाचून दाखवलं.

रोज दुपारी, जेवण झाल्यावर.

आज सुमनला जाऊन वर्ष झालं. मुलगी वैशाली म्हणाली, बाबा, इथे लिहा, सगळे वाचतील. हे अकाउंटही तिनंच काढून दिलंय. मी सातवी शिकलेला माणूस. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एकलहऱ्याला थर्मलमध्ये, वीजकेंद्रात होतो, कोळशाच्या बेल्टवर. राहायला क्वार्टर. ड्यूटीवरून आलो की कपडे काळे, नाक काळं. सुमन मान वर करायची नाही. हातात कादंबरी.

नाशिकरोडला देवरेभाऊंची लायब्ररी होती. एकच गाळा, छतापर्यंत पुस्तकं. ती तिथून प्रेमाच्या नाहीतर भुताच्या कादंबऱ्या आणायची. एकाच पुस्तकात दोन्ही असेल तर फारच खूश. कुणीतरी मेलेलं, कुणीतरी जिवंत, आणि तरी प्रेम काही सुटत नाही.

मी म्हणायचो, अगं, मेलेल्या माणसाचं काय प्रेम?

ती म्हणायची, "तुम्हाला जिवंतपणी जमलं नाही, म्हणून विचारताय."

मी रिटायर झालो आणि दोन हजार चारला तिची नजर गेली. शुगरमुळे. लेसर केलं, तरी गेली.

मग वाचायचं काम माझ्याकडे आलं.

ओळीखाली बोट ठेवून वाचायचो. अवघड जोडाक्षर आलं की थांबायचो. पुढचा शब्द ती सांगायची. मला वाटायचं, हुशार आहे, अंदाजानं ओळखते.

कुठलं पुस्तक आणायचं तेही तीच सांगायची. देवरेभाऊंना म्हणा, ती आरशातल्या नवऱ्याची द्या. ते बरोबर तीच काढून द्यायचे.

पण त्या पुस्तकांचे शेवट फार वाईट. तो धूर होऊन निघून जातो. ती वाट बघत म्हातारी होते.

मला ते वाचवेना. तिला दिसत नाही, पायाची जखम भरत नाही, त्यात हे कशाला ऐकवायचं? ऐकून बीपी वाढलं तर?

म्हणून शेवटची दोन पानं आली की मी नजर पुस्तकात ठेवून मनानंच सांगायचो. तो परत येतो. दोघं सोबत राहतात. चहा पितात.

सांगून झालं की पुस्तक पटकन मिटायचो. कारण ती हमखास म्हणायची, "शेवट परत वाचा."

आता आधी काय सांगितलं होतं, ते कुणाला आठवतंय?

एकदा म्हणाली, "मघाशी तो रेल्वेनं आला होता. आता एसटीनं कसा?"

मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल.

"असेल," म्हणाली.

आणखी एक. त्या पुस्तकांत एकवीस नंबरच्या पानावर, आकड्याखाली, पेन्सिलीनं बारीक चंद्रकोर काढलेली असायची. मी एकदा तिला सांगितलं की कुणीतरी पुस्तकं खराब करतंय, देवरेभाऊंच्या कानावर घालायला पाहिजे.

"लोकांना अक्कल नसते हो. जाऊ द्या, तुम्ही वाचा."

मागच्या वर्षी तिला ॲडमिट केलं, तेव्हा देवरेभाऊंनी स्वतःहून एक पुस्तक दिलं. नवीन आलंय, वहिनींना आवडेल म्हणाले.

त्यात एक बाई मरते आणि गावाबाहेरच्या बसथांब्यावर नवऱ्याची वाट बघत बसते. नवरा जिवंत असतो.

या वेळी मी जोडाक्षराला अडलो तर ती गप्प राहायची. मला वाटलं, औषधांची गुंगी असेल.

बारा पानं उरली होती. मी म्हटलं, तू दमलीस, उद्या वाचू. खरं म्हणजे काय शेवट सांगायचा, तेच मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तेराव्यानंतर पुस्तक परत द्यायला गेलो. देवरेभाऊंनी पान एकवीस उघडून बघितलं. म्हणाले, "वहिनींची खूण नाही यात. एवढं एकच राहिलं त्यांचं."

मी विचारलं, कसली खूण?

त्यांनी समजावून सांगितलं. बायका इतकी पुस्तकं नेतात की नावं लक्षात राहत नाहीत. वाचलेलंच पुन्हा घरी जाऊ नये, म्हणून जी ती वाचून झाल्यावर आपली खूण करते. कुणी फुली, कुणी टिकली. वहिनींची चंद्रकोर.

मी तिथल्या स्टुलावर बसलो.

म्हणजे मी वाचलेली सगळी तिनं आधीच वाचली होती. सगळे शेवट तिला माहीत होते.

आणि तरी मी काय सांगतो, ते ऐकायला ती थांबायची. दोनदा.

एकवीसच का, ते आता कुणाला विचारू?

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. वैशालीला त्याची काळजी वाटते. मलाही वाटते. गॅस बंद केला का बघतो. कडी लावली का बघतो. तिची गोळी द्यायची राहिली, असं वाटून उठतो आणि परत बसतो. बाकी काही होत नाही.

देवरेभाऊंनी ते पुस्तक ठेवून घेतलं नाही. वर्षभर टीव्हीवर पडून होतं.

उरलेली बारा पानं आज सकाळी वाचली. बोट ठेवून. शब्द सांगायला कुणी नव्हतं, वेळ लागला.

शेवट वाईट आहे. नवरा दुसरीकडे संसार मांडतो, तिला विसरतो. ती थांब्यावरच राहते.

मग मी पान एकवीसवर चंद्रकोर काढली. वाकडी आली. तिच्या फोटोसमोर बसलो आणि तिला शेवट वाचून दाखवला.

सुमन, तो येतो. त्याला उशीर होतो, कारण निघताना कुलूप तीनदा ओढून बघतो. पण येतो. एसटीनं.

परत विचारलंस तरी एसटीनंच.

नमस्कार.