शेजारच्या सीटचा ब्रेक

माझे बाबा गाडी शिकवतात. गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे ते मास्तर. क्लच आणि ब्रेक यांतला फरक या दोघांनाही बाबांनीच शिकवला, आणि मॅनेजरला तो अजून समजलेला नाही, असं बाबांचं ठाम मत आहे.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे आमच्या घराखालची एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी पांढरी गाडी. या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात आणि मोठ्याने सांगतात, "हा मी दाबला." हे सांगणं फार महत्त्वाचं. नाही सांगितलं तर माणसाला वाटतं की गाडी आपणच थांबवली, आणि मग एक दिवस तो आत्मविश्वासाने भिंतीवर जाऊन आदळतो. सोळा वर्षांत बाबांनी हा नियम एकाच विद्यार्थ्यासाठी मोडला. ती विद्यार्थिनी म्हणजे माझी आई.

आई नर्स होती. मी झाले आणि तिने नोकरी सोडली. मी तेरा वर्षांची झाले तेव्हा एका दवाखान्याने तिला पुन्हा काम देऊ केलं. वस्त्यावस्त्यांवर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना बघायचं होतं. दवाखाना गाडी देणार होता, पण ती चालवायची स्वतः. एक तारखेच्या आत लायसन्स दाखवा, नाहीतर जागा दुसरीला देऊ, असं त्यांनी अगदी गोड शब्दांत कळवलं होतं. आईने ते पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. कपडे काढायला दार उघडलं की ती ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, जणू मजकूर रात्रीतून बदलला असेल.

नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये, हे शहाण्यांचं म्हणणं बाबांना ठाऊक होतं. पण मास्तरांची बायको दुसऱ्याकडे शिकायला गेली असती तर गल्लीने त्यांना हसून हसून पळवून लावलं असतं. म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही तिघं निघायचो. मी मागच्या सीटवर. तिथून पुढच्यांचे चेहरे दिसत नाहीत, पण मधल्या फटीतून पाय अगदी स्वच्छ दिसतात.

पहिल्या रविवारी बाबा रीतसर ओरडले, "ब्रेक, अगं ब्रेक! हा मी दाबला!" आईने गाडी कडेला घेतली, पदर खोचला आणि घरापर्यंत चालत गेली. पुढचे दोन दिवस ती बाबांशी इतक्या आदराने बोलली की बाबांना जेवण जाईना.

दुसऱ्या रविवारी चौक आला. आईने ब्रेकवर पाय ठेवला, झोपलेल्या मांजरीवर ठेवावा तसा. गाडी थांबली, कारण शेजारी बाबांचा पाय पार तळापर्यंत गेला होता. तोंड मात्र बंद.

"जमलं की हो," आई म्हणाली.

"जमतंय तुला," बाबा समोर बघत म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. "आईला बोलू नकोस हं. मन मोडतं तिचं. हळूहळू येईल आपोआप."

माझ्या पोटात तेव्हा आधीच एक गुपित होतं. माझं गणित बाबा घ्यायचे. अपूर्णांकांची बेरीज ते अशी शिकवायचे: वरचे वर मिळवा, खालचे खाली मिळवा. त्या हिशेबाने अर्धा आणि अर्धा मिळून पुन्हा अर्धाच यायचा, तरी त्यांचा विश्वास ढळायचा नाही. मग मी स्वयंपाकघरात जायचे आणि कांदा चिरता चिरता आई तेच गणित मला पुन्हा, बरोबर शिकवायची. वर म्हणायची, "बाबांना सांगू नकोस. दिवसभर परक्यांना शिकवतात, तुझ्यासाठी एवढं एकच करायला मिळतं त्यांना." परीक्षेत मार्क चांगले पडायचे आणि बाबा न्हाव्याच्या दुकानात अर्धा तास छाती फुगवून बसायचे.

लोक म्हणायचे, काय समजूतदार जोडपं आहे, घरात कधी चढा आवाज नाही. खरं होतं ते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या घरी दोन मुठी होत्या आणि दोन्ही मीच झाकून धरल्या होत्या. रविवार जवळ आला की माझं पोट दुखायचं. आई प्रेमाने ओवा द्यायची.

आईच्या लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या कुंपणापाशी मी आणि बाबा उभे होतो. शेजारच्या सीटवर परीक्षक बसले होते, पाय लांब करून, मांडीवर वही ठेवून. बाबांनी कुंपणाची जाळी बोटांनी घट्ट धरली होती. आईने गाडी सुरेख काढली, वळण सुरेख घेतलं, आणि थांबायच्या पांढऱ्या रेघेपाशी नेहमीसारखा हलकासा पाय ठेवला. गाडी रेघ ओलांडून, दोन प्लास्टिकचे खांब आडवे करून, तिसऱ्याला टेकून थांबली. तीही परीक्षकांनी थांबवली.

परतताना बाबा गाडी चालवत होते. आई हातातल्या 'नापास' कागदाकडे बघत होती. एक तारखेला सोळा दिवस उरले होते.

"असं कसं झालं?" ती म्हणाली. "दर वेळी तेवढ्याच दाबाने थांबते की. गाडीतच काही बिघाड आहे का बघा."

"बघतो," बाबा म्हणाले. "ब्रेक ढिला असेल."

तेवढं मात्र मला सहन झालं नाही. "ब्रेक ढिला नाही," मी मागून म्हणाले. "बाबा दाबायचे. तुला न सांगता. दर रविवारी."

बाबांनी गाडी कडेला घेतली. आईने विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्या रविवारपासून," बाबा पुटपुटले. "तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मला वाटायचं ते वाईट माझं मला वाटू द्या ना," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "गाडी येते मला, असं वाटत होतं हो. तेरा वर्षांनी काहीतरी येतंय असं वाटत होतं."

मला इतकं वाईट वाटलं की आता थांबून उपयोग नव्हता. उलटी सुरू झाली की पोट रिकामं झालेलंच बरं. "आई," मी म्हणाले, "अपूर्णांक."

"गप्प बस तू."

"अपूर्णांक काय?" बाबा वळले. आईने नजर चुकवली तसं त्यांना सगळं कळलं. "म्हणजे ते मार्क..."

"मी घ्यायचे तिचं गणित. तुमच्यानंतर," आई नाक पुसत म्हणाली.

"आणि बाथरूमचा नळ? मी दुरुस्त केलेला?"

"तुम्ही खाली गेलात की प्लंबर वर यायचा."

बाबांनी खोल श्वास घेतला. "तू विणलेला निळा स्वेटर मी जिना उतरलो की काढतो. स्कूलच्या दारामागे टांगलेला असतो. अंगाला खाज सुटते."

"सात वर्षं?"

"आठ."

आई आधी हसली. रडतानाच हसली, त्यामुळे तिला ठसका लागला, आणि तिच्या पाठीत थापा मारता मारता बाबाही हसायला लागले. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला आणि शिव्या देत पुढे गेला.

त्यानंतर आमच्या घरात आवाज वाढला. भाजी खारट झाली तर बाबा खारट म्हणायचे आणि आई त्यांना स्वतः करायला लावायची. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून विचारलंही, "सगळं ठीक आहे ना गं घरात?" सगळं ठीक होतं. माझं पोट दुखायचं थांबलं होतं.

गाडीचे धडे आता रोज पहाटे. बाबांनी चपला काढल्या, सीट मागे सरकवली आणि चक्क मांडी घालून बसले. "आता बघ. पाय पोचतच नाही." तिसऱ्या दिवशी एका घरातून रंगारी शिडी घेऊन सरळ रस्त्यात आला. आईने ब्रेक दाबला, या वेळी मनापासून. शिडीचं टोक काचेपासून हातभर अंतरावर होतं.

"हा मी दाबला," आई म्हणाली.

बाबांची मांडी मोडली नव्हती. पण दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचेच घोटे आवळून धरले होते, आणि त्यांना सोडता येत नव्हते. रंगारी जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

महिना संपायला दोन दिवस असताना आई पास झाली. एक तारखेला दवाखान्याची गाडी दारात आली. औषधांची पेटी मागे ठेवून आई एकटीच बसली. शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यापुढे ब्रेकही नव्हता. गल्लीच्या टोकाला चढ आहे. तिथे गाडी बंद पडली. मग पुन्हा बंद पडली. मागे रांग लागली, हॉर्न वाजू लागले. बाबा पायरी उतरले तशी मी मागून त्यांचा शर्ट धरला.

"सोड."

"नाही."

तिसऱ्या वेळी गाडी गुरगुरली, जरा मागे आली, थांबली, आणि चढून वळणाआड गेली.

"मागे वळूनसुद्धा बघितलं नाही," बाबा म्हणाले. "आरशात तरी बघितलं असेल. तुला दिसलं का गं?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. जिभेवर आलंच होतं.

"नाही दिसलं, बाबा," मी म्हणाले. "गाडी लांब होती."

बाबांनी मान हलवली. न्हावी वस्तरा हातात धरून दुकानाच्या दारात आला होता, आणि त्याच्यासमोर, भर रस्त्यात, आमचे मास्तर रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं. शर्ट मात्र सोडला नाही.