'बरोबर'कडचं एक मत

मला लिहिता येतं असं नाही, माफ करा; आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

दिग्रसच्या कॉलेजात मराठीच्या मॅडमनी कादंबरी शिकवून संपवली आणि मोबाइलवर, नाव न दिसता, मत मागितलं: नायिका शिक्षण सोडून घरी परतली, ते बरोबर की चूक? पडद्यावर सगळी मतं 'चूक'कडे गेली. 'बरोबर'कडे एकच, माझं.

"कोन बे हा येडा?" मागून मित्र म्हणाला. मीही हसलो.

"ज्याचं असेल त्यानं मला कारण सांगावं," मॅडम म्हणाल्या.

कारण एवढंच, की मलाही परतावंसं वाटायचं. ते कागदावर उतरवायला आठ दिवस लागले. कागद घेऊन गेलो, तर शिपाई म्हणाला, "त्या मॅडम तासिकेवर होत्या ना बाबू, तासाच्या पैशावर, कायमच्या नाही. सोमवारपासून नाही येत."