ओटी भरायला गेले तेव्हा

देवी आहे यावर माझा विश्वास होता. ती माझ्याकडे पाहते, यावर मात्र नव्हता. लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती. त्यातच कपाशीला असा भाव आला की आमच्याकडच्या साध्या कुणब्यांनीही बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. दूरच्या कुठल्याशा मुलखात लढाई चालू आहे, म्हणून साहेबाला आपली रुई हवी आहे, एवढंच आम्हा बायकांच्या कानांवर येई. आमचं गाव अकोल्याजवळचं, जमीन काळीभोर. घर भरलं, आणि त्या भरल्या घरात गिरजा आली. माझी सवत.

ती स्वभावानं वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. ती मला बाई म्हणायची, आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि माझ्या आधी उठून पाणी भरायची. वर्षाच्या आत तिला दिवस गेले. तिचं चिंच मागणं, तिच्यासाठी यांनी बाजारातून खारका आणणं, शेजारणींनी तिला हळूच बसवणं, हे सगळं मी त्याच घरात राहून पाहत होते. दुपारी ती झोपली की मी तिच्या पोटाकडे बघत बसे. दिवा लावताना एकच यायचं मनात, तिला दिलंस, मग मला का नाही?

शेवटी मी कुणाला न सांगता गावच्या सुईणीकडे गेले. ती म्हणाली, "तुह्या पिशवीचं तोंड बारीक हाये. औषधाची कांडी ठेवतो. काई मोठं काम नाई." तिनं कितीतरी जणींना अशी कांडी ठेवली होती आणि कुणाला काही झालं नव्हतं. मला थोडे दिवस आतून आग झाली, मग थांबली. पुढच्या महिन्यात पाळी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या आनंदाचं काय सांगू! मी गिरजापेक्षाही सावकाश चालू लागले. यांनी माझ्यासाठीही खारका आणल्या, त्या मी गिरजाच्या समोर बसून खाल्ल्या. दर महिन्याला माझ्या ठरल्या दिवसांत मात्र ओटीपोटात कळा यायच्या, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. मी ओठ दाबून सोसायची. बोलले तर दिवस गेल्याचं खोटं ठरेल, अशी भीती वाटायची.

नवरात्रात यांनी छकडा जुंपला आणि दोघींना अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला नेलं. दोघींनाही देवीची ओटी भरायची होती. रांगेतल्या बायका गिरजाचं पोट पाहून हसत, तिला पुढे जागा देत. माझ्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं. ते मला इतकं लागलं की कळ आली तेव्हा आधी वाटलं, रागानंच पोट आवळलं. मग डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी आवारातच खाली बसले.

शेजारी एक विधवा बाई येऊन टेकली. मोर्शीकडची होती, वयस्क. तिनं विचारलं, "कदीपासून दुखते?"

"दर महिन्याले. माह्या दिवसांत."

"अन् पाळी?"

"बंद हाये. मले दिवस गेले."

तिनं लुगड्यावरून हात ठेवला, दाबून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोनी कांडी ठेवली होती का आत?"

हे यांनाही ठाऊक नव्हतं. मी मान डोलावली.

"पोरी, हे लेकरू नाई. कांडीनं पिशवीचं तोंड मिटून गेलं, रगत आतच साचून राहिलं. माह्या भयनीले असंच झालं होतं. आमाले समजलं तवा उशीर झाला होता."

गिरजा जवळच उभी होती. तिनं ते ऐकलं, याचंच मला त्या क्षणी सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

यांनी आम्हाला धर्मशाळेतल्या एका खोलीत नेलं आणि ते बाहेर थांबले. मिटलेलं तोंड उघडायला त्या बाईला बारीक, गुळगुळीत काहीतरी हवं होतं. गिरजानं आपल्या बटव्यातून सुरम्याची चांदीची सळई काढून दिली. ती यांनी तिला आणली होती. मला नव्हती आणली, हे मला त्या दुखण्यातही आठवलं. सळई उकळत्या पाण्यात घातली. गिरजानं माझं डोकं मांडीवर घेतलं. "बाई, माहा हात धर," ती म्हणाली. मी धरला नाही. मग अशी कळ उठली की धरण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही, आणि त्याच वेळी तिच्या पोटातलं लेकरू माझ्या कानाशी हललं. मी सगळं अंग सोडून दिलं. आत काहीतरी सुटलं, काळं, दाट रक्त वाहून गेलं, आणि इतक्या महिन्यांचं दुखणं बघता बघता ओसरलं. मी रडले, पण ते सुटकेचं रडणं नव्हतं.

ऊन कलेपर्यंत ती बाई बसून राहिली. ताप येत नाही ना, हे पुन्हा पुन्हा पाहत होती. "भयनीच्या नावानं दरसाल येतो देवीले," ती म्हणाली. "आज दर्शन झालं तरी आवारातून पाय निघेना. काहून, ते मले आता समजलं." मग ती आपल्या गाडीकडे गेली. पुन्हा कधी भेटली नाही. गावात काही जण म्हणतात, ती देवीच होती. मला माहीत नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि तिला खोकला होता.

बरं वाटल्यावर, पाचव्या दिवशी न्हाऊन, परतण्याआधी मी गिरजाच्या आधारानं देवीपुढे उभी राहिले. खण-नारळ हातात होता, पण मागायला काही सुचेना. मी एवढंच म्हणाले, "आई, मले हिचा हेवा वाटते. माह्यानं सुटत नाई. तूच घे."

पुढे गिरजाला मुलगी झाली. कळा देताना तिनं माझ्याशिवाय कुणाला पाठीशी बसू दिलं नाही. मला मूल कधीच झालं नाही. हेवाही पुरता गेला, असं मी म्हणणार नाही. पोर आजारी पडली की मला ओलांडून आईकडे हात करते, तेव्हा तो येतो. मग मी देवीला तेच शब्द पुन्हा सांगते, आणि थोड्या वेळानं पोरीसाठी पेज करायला उठते. त्या खोलीत मी स्वतःला सोडून दिलं ते भक्तीनं नव्हे, दुखण्यानं. तरी देवीनं तेही चालवून घेतलं. माझ्या मागण्याला ती नाही म्हणाली. पण नाही म्हणताना तिनं मला एकटं ठेवलं नाही.